खोक्यातली गोधडी

लोणावळा स्टेशनात तिकिटाच्या रांगेत सावित्राबाईच्या पुढं कुरवंड्याचे दोघे उभे होते. काखोटीला गोधडी मारलेला अंबाजी आणि भजनात पखवाज वाजवणारा कोंडाजी. रांग काही हलत नव्हती. मग बाईनं कान तिकडं लावले, तर तिचं काय चुकलं?

"अंबाजी, लाऊडस्पीकरवर माझा पखवाज असा का घुमतो रं?"

"तू थाप मारून पंजा ठेवतोस, चामडं गप बसतं. आवाज वाढवायचं मशीन स्पीकरच्या आतल्या पडद्याला नुसतं ढकलतं, धरून ठेवत न्हाई. पडदा आपला हलतच ऱ्हातो."

"मग मशीन बदल की."

"दुसरं कुटनं आणू? त्यात स्पीकरचं खोकंबी पोकळ, त्येबी घुमतं. म्हणून आत ही गोधडी कोंबलीती."

"मग?"

"लय ब्येस. थाप पडली की तितंच थांबायची."

"मग काढलीस कशाला?"

"बायकोच्या लुगड्यांची हाय. खोक्यात कोंबली म्हणून रुसून माहेरी गेली, टाकव्याला. तिला द्यायलाच निघालोय."

"आरं, तिला एकदा ऐकव तरी. गोधडी घालून आन काढून."

"जायच्या आदीच ऐकवलं."

"काय म्हनली?"

"म्हनली, फरक कळतोय. घुमू द्या."