व्याह्यांचा माकूळ

कोरियातल्या कांगनंग शहरात कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक बाई नवऱ्याला झापत होत्या आणि तो दातांतल्या दातांत बोलत होता.

“अहो, कानात पू झालाय, नाक चोंदलंय, जबड्याचा सांधा दुखतोय. कडक काही चावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तुम्ही काल व्याह्यांकडे तासभर सुका माकूळ चघळत बसलात?”

“त्यांचा धंदाच समुद्रातले माकूळ वाळवायचा. नको कसं म्हणू? ते थांबले असते, तर मीही थांबलो असतो.”

“मग धरला ना जबडा. त्यांनी लग्नाची तारीख विचारली, तर तुम्ही नुसते डोळे वटारून बसलात. आपली हेवॉन कालपासून रडतेय, लग्न मोडलं म्हणून.”

“तोंड उघडत नव्हतं.”

“एरवी मिटत नाही. थांबा, विहीणबाईंचा फोन आलाय. हो, बोला. नाही हो, रागावले नव्हते, जबडा धरला होता. अगंबाई, त्यांचाही?”

“काय म्हणतात?”

“व्याहीही दवाखान्यातच आहेत. पाहुणा थांबेना, म्हणून तेही चावत राहिले. लग्न मे महिन्यात करू म्हणतात.”

“ते राहू दे. आधी कोणाचा धरला, ते विचार.”