आईची माती

(दक्षिण आफ्रिका, १९८६. पोर्ट एलिझाबेथजवळची काळ्यांची वस्ती, शुक्रवारची संध्याकाळ. घरात आईचं शव, मागच्या दारी तिची तीन मुलं: थोरला झोलिले, सरकारी पोलीस, मधली नोक्वांडा, धाकटा ल्वांडिले.)

ल्वांडिले : तिथंच थांब. हा पोलिसाचा हिरवा डगला घालून उंबरा ओलांडायचा नाही.

नोक्वांडा : अरे, हळू! आत बायका आईपाशी बसल्यात.

झोलिले : डगला काढतो. बनियनवर येतो. मग तर झालं?

ल्वांडिले : कातडीपण काढणार का? गल्लीतली पोरं सकाळपासून खड्डा खणतायत. बायकांनी मका-घेवड्याची पातेली चढवलीत. तू आत आलास, की सगळे हातातलं टाकून उठतील. मग आईला काय आपण तिघांनीच पुरायचं?

झोलिले : थोरला मी आहे. पहिली माती मी द्यायची. बाबांना मीच दिली होती.

ल्वांडिले : तेव्हा तू माणसात होतास.

झोलिले : आणि आईची औषधं कुठून यायची रे? तुझ्या मोर्च्यातून?

ल्वांडिले : घेत होती कुठं ती? विचार ताईला.

झोलिले : नोक्वांडा?

नोक्वांडा : नव्हती घेत, दादा. शेजारच्या व्हुयोला तुमच्या लोकांनी उचलून नेलं ना, तेव्हापासून. पाया पडले तिच्या. तोंड मिटून पडून राहायची.

झोलिले : मला सांगितलं का नाहीस?

नोक्वांडा : तिनं शपथ घातली होती. म्हणायची, औषध द्यायच्या निमित्तानं तरी पोरगा येतो. येऊ दे.

झोलिले : ...माती तूच दे, ल्वांडिले.

ल्वांडिले : देणारच आहे. आणि तू उद्या वस्तीत तोंड दाखवू नकोस.

झोलिले : दाखवावं लागणार. उद्या आमची तुकडी कबरस्तानावरच आहे. तुम्ही गाणी सुरू केलीत, मुठी वर केल्यात, की साहेब गोळीचा हुकूम देणार.

नोक्वांडा : आईच्या मातीला बंदूक घेऊन येणार तू?

झोलिले : आम्हाला विचारून नेमतात होय?

ल्वांडिले : गाणी तर होणारच.

झोलिले : माहीत आहे. ऐक. पेटीला डावीकडून खांदा दे. ताईलाही त्याच बाजूला ठेव.

ल्वांडिले : का?

झोलिले : तिकडं मी असेन.