घरात माणसं किती?

गिरणीवाला: ...आणि हे झाकण नीट बसल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. म्हणजे बोट आत जायची भीती नाही.

शिंपीण: हळू बोला हो भाऊजी. सगळं दुकान बघतंय. इथं काय तुमची गिरणी धडधडतेय?

गिरणीवाला: सवय, वहिनी. बत्तीस वर्षं गिरणीत ओरडूनच बोललो. इथले मालक रोज सांगतात, काका, आपलं गिऱ्हाईक बहिरं नाही.

शिंपीण: तुम्ही इथं भेटाल असं वाटलं नव्हतं. गिरणीला कुलूप दिसलं, म्हटलं गेले लेकीकडे.

गिरणीवाला: गेलो होतो. आठ दिवस राहिलो. मी तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत सगळे कामाला गेलेले. भिंतींशी किती बोलणार? आलो परत. या दुकानाला घरघंट्या दाखवायला माणूस हवा होता. म्हटलं, जिनं आपली गिरणी बंद पाडली, तिच्याच जिवावर खाऊ आता.

शिंपीण: मग दाखवा. यातली कोणती घेऊ?

गिरणीवाला: ही मोठी. पाच किलो गहू ओता आणि खुशाल दुसऱ्या कामाला लागा. दळून झालं की आपोआप बंद. रांग नको, ताटकळणं नको, कोणाचं तोंड बघायला नको.

शिंपीण: कोणाचंच?

गिरणीवाला: कोणाचंच. शिवाय आपल्या पिठात दुसऱ्याचा कण मिसळत नाही. तुम्ही त्यासाठी किती कटकट करायचा! मक्यावर माझा गहू टाकू नका, गव्हावरच टाका. मग बसायचा बाकावर, कुणाचा तरी गहू येईपर्यंत.

शिंपीण: मक्याचं पीठ आत राहिलेलं असतं. चव बदलते.

गिरणीवाला: कबूल. पण एकीचा गहू दळून व्हायचा, दुसरीचा व्हायचा, तरी तुमचं चालूच. आधी हिचं होऊ दे, आधी तिचं होऊ दे. मला वाटायचं, या बाईला घरी काही काम आहे की नाही?

शिंपीण: मला कसली घाई?

गिरणीवाला: खरंच की. सून असल्यावर सासूला कसली घाई! बरं, हा कागद भरू. दुकानाचा नियम आहे, घरात माणसं किती ते आधी विचारायचं. त्यावर यंत्राचं माप ठरतं. तुम्ही, मुलगा, सून, दोन नातवंडं. पाच लिहितो.

शिंपीण: राहू द्या ना तो कागद.

गिरणीवाला: मला तसा कागद लागत नाही म्हणा. मी डब्यावरून घर ओळखायचो. शिंपीदादा होते तेव्हा तुमचा दहा किलोचा पत्र्याचा डबा यायचा. ते गेले, डबा अर्धाच भरून यायला लागला. मुलगा परगावी गेला तशी कापडी पिशवी आली, दोन किलोची, महिन्यातून दोनदा. आणि दोन वर्षांपूर्वी एकाएकी दर चार दिवसांनी दोन किलो! मी लगेच ओळखलं, पोरगं परत आलं. रांगेत सगळ्यांना मीच सांगितलं.

शिंपीण: कळलं होतं मला. बायका विचारायला लागल्या, सून कशी आहे, नातवंडं रुळली का.

गिरणीवाला: तुम्हीच सांगायचा ना, धाकटा भारी द्वाड आहे, भिंतभर रेघोट्या मारतो?

शिंपीण: कोणी इतक्या आपुलकीनं विचारलं की काहीतरी सांगावंसं वाटतं.

गिरणीवाला: काहीतरी म्हणजे?

शिंपीण: पाच नका लिहू.

गिरणीवाला: मग चार?

शिंपीण: एक लिहा.

(गिरणीवाला पेनाला टोपण लावतो. पुन्हा काढतो.)

गिरणीवाला: मुलगा...

शिंपीण: आलाच नाही. सून फोटोत पाहिली आहे मी. छान आहे दिसायला.

गिरणीवाला: आणि इतकं पीठ? दर चार दिवसांनी?

शिंपीण: आहे ना घरात. डबे भरले, मग पातेली भरली, मग पलंगाखाली ठेवलं. जाळी धरली त्याला, अळ्या झाल्या. पाखरांना घालायला घेतलं, तर खालचे लोक ओरडत वर आले, खिडक्या घाण होतात म्हणून. त्या दिवशी मात्र बरंच बोलणं झालं.

गिरणीवाला: अहो, पण यायचं तर नुसतं यायचं होतं! बाकाला काय कोणी भाडं मागत होतं?

शिंपीण: रिकाम्या हातानं कोण किती दिवस बसू देतं? हातात पिशवी असली की तुम्ही विचारायचा, बारीक दळू की जाडं? डोळ्यांनी साथ सोडल्यापासून माप द्यायलाही कोणी येत नाही. दिवसभरात तेवढा एकच प्रश्न यायचा माझ्या वाट्याला.

गिरणीवाला: माझं तरी काय वेगळं आहे? मीही रोज रेडिओलाच विचारतो, मीठ बरोबर पडलंय का. ...येत जाईन मी अधूनमधून तुमच्याकडे.

शिंपीण: नको. आता तुम्हाला कळलंय. तुम्ही कीव करून याल. कामासाठी आलेला माणूस निराळा.

गिरणीवाला: मग खरं सांगतो, मालकांनी ऐकलं तर मला काढतील. एका माणसाला घरघंटी लागत नाही. तयार पिठाची पिशवी आणा.

शिंपीण: आणली होती. पिशवी उचलायची, गल्ल्यावरच्या पोरीनं काचेवर धरायची, टुक् वाजतं, झालं. ती मानही वर करत नाही.

गिरणीवाला: याही यंत्रात बोलणारं कोणी नाही, वहिनी. एक बटण आहे नुसतं.

शिंपीण: घरी बसवून द्यायला कोण येतं?

गिरणीवाला: कंपनीचा मेकॅनिक. जोडतो, किलोभर दळून दाखवतो. अर्धा तास.

शिंपीण: आणि परत?

गिरणीवाला: बिघडली तर परत. दोन वर्षं बोलवाल तितक्या वेळा येतो.

शिंपीण: मग यातली बिघडणारी कोणती?

गिरणीवाला: काय म्हणालात?

शिंपीण: वरचेवर बिघडणारी. तुम्हाला ठाऊक असणार.

गिरणीवाला: ...ही कोपऱ्यातली. दाणा अडकतो हिच्यात. महिना झाला नाही की तक्रार येते. पण सांगून ठेवतो, तो मेकॅनिक फार तुसडा आहे. बसत नाही, पाणी घेत नाही, उभ्या उभ्या काम करतो आणि जातो.

शिंपीण: जाऊ दे. आत येण्याआधी दार तर वाजवेल.