सिलिंडरमधली हवा

बाहेरच्या बाकावर दोन माणसं होती, आत टेबलावर नौदलाच्या पाणबुड्याचा एक सिलिंडर, आणि मधली काच अर्धी उघडी. तपासनीस मुलगी सिलिंडरला नळी जोडत होती. बाहेर बेशुद्ध पाणबुड्याचा थोरला भाऊ आणि कॉम्प्रेसरवर हवा भरणारा म्हातारा मेकॅनिक बोलत होते.

"मशीन चोख आहे, दादा. फिल्टर नुकताच बदललाय."

"मग खाली जाऊन तो बेशुद्ध का पडला, मामा?"

"देव जाणे. सकाळी तर माझी थट्टा करत होता. 'मामा, हवा ताजी भरा, शिळी नको.' रोज म्हणायचा."

"म्हणायचा नका म्हणू. म्हणतो."

"चुकलं, दादा. म्हणतो."

"मशीन नेहमीच्याच जागी होतं ना?"

"ऊन मी म्हणत होतं. शेडमागे सावलीत ओढलं."

"शेडमागे काय आहे?"

"काय असणार? जनरेटर."

"चालू होता?"

"वारा समुद्राकडून होता, दादा! धूर पलीकडे जात होता. हवा ओढायची नळी मी स्वतः अलीकडे ठेवली."

"आणि वारा फिरला तर?"

"भरायला तास लागतो. तासभर वाऱ्याकडे कोण बघत बसतं?"

आत वायू मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा स्थिर झाला. मुलीने काच पूर्ण सरकवली.

"धुरातला कार्बन मोनॉक्साइड. दहा लाख भागांत दहापर्यंत चालतो. निघाला तीनशे दहा."