पाइपातला बेडूक

ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला औषधांच्या दुकानात माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

"नॉरीन, एसीची सर्व्हिसिंग झाली का गं?"

"झाली. फिल्टर धुतले, पाण्याचा पाइप साफ केला. त्यातून हा एवढा हिरवा बेडूक निघाला! त्या माणसानं तो ओढ्यावर नेऊन सोडला."

"बरं झालं."

"बरं कसलं! आमचा म्हातारा कीथ रोज संध्याकाळी खिडकीतून त्याच्याशी गप्पा मारायचा. आता जेवेचना."

"मग गं?"

"मग काल मीच बाहेर पाइपापाशी बसले आणि डराव डराव केलं."

"अगं बाई! आणि कीथ?"

"भडाभडा बोलला. गुडघेदुखी, लेकीची आठवण, सगळं. मला कधी सांगितलं नव्हतं मेल्यानं."

"त्याला कळलंच नाही?"

"शेवटी म्हणाला, 'नॉरीन, आत ये आता. डास चावतील.'"