शहाण्णव टक्क्यांवर अडकलेला सुपरहिरो

वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला कॉम्प्युटर किती कळतो, ते आमच्या बाबांवरून सांगतो. इकडे परदेशात, आर्नहेममध्ये भटजी मिळेना, म्हणून सत्यनारायणाची पूजा माझ्या कॉम्प्युटरवर एमपीथ्री लावून करायची ठरली. त्यावरच, मी वर्षभर पाहिलेल्या जपानी सुपरहिरोच्या मालिकेचा शेवटचा भाग तीन दिवस डाउनलोड होत होता. शहाण्णव टक्के झाला होता.

"पूजा मध्येच अडकेल," म्हणत बाबांनी इंटरनेटची वायरच उपसली.

"बाबा, पूजेची फाइल इंटरनेटवरून वाजत नाही."

"मला शिकवू नकोस. कॉलेज सोडलंस, एक गोष्ट तरी शेवटाला नेलीस का?"

हे सगळ्या पाहुण्यांसमोर. प्रसादाच्या घाईत असलेल्या एका काकांनी मानही डोलावली.

मी पूजेची फाइल लावली. चौथा अध्याय संपला आणि मी स्टॉप दाबलं.

"अरे, पाचवा अध्याय राहिला!" बाबा ओरडले.

"माझाही एकच भाग राहिलाय."

कोणी जोडलेले हात सोडेना, कोणी उठेना. शेवटी आईच म्हणाली, "अहो, कथा अशी अर्धवट ठेवतात का? लावा ती वायर!"

बाबा सोवळं सावरत टेबलाखाली शिरले.