उजवा कौल

नाही हो, चढावर दमायचं कारणच नाही, तीच तर गंमत आहे आल्प्सची — सायकल लिफ्टला मागे अडकवायची, आपण पुढच्या बाकावर बसायचं, आणि ती लिफ्ट तुम्हाला सायकलीसकट डोंगराच्या डोक्यावर नेऊन सोडते. हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या लिफ्टा त्या, उन्हाळ्यात कशाला गंजत ठेवायच्या म्हणून सायकलवाल्यांना देतात. बसा ना, उभे किती राहाल? माझा भाऊ जितू बांद्याला गेलाय पर्यटकांची पार्टी आणायला, येईल एवढ्यात. तोवर मी सांगते — मलाही येतं सांगता. खरं म्हणजे मलाच येतं, तो माझ्याकडून ऐकून तुम्हाला फोनवर सांगतो.

हे बघा, तिकडे वाटांना रंग असतात — निळी सोपी, लाल कठीण. पहिले दोन दिवस निळ्या वाटेवरच राहायचं, कितीही पुण्याच्या टेकड्या पालथ्या घातल्या असल्या तरी — हसू नका, सगळे पुणेकर पहिल्या दिवशी लाल वाटेवर जातात आणि दुसऱ्या दिवशी खोलीत शेकत बसतात. पाय नाही दुखत, पंजे दुखतात, ब्रेक दाबून दाबून. ब्रेकचे पॅड जास्तीचे न्या, पावसात भिजल्या मातीत साबणासारखे झिजतात. खोली घ्यायची ती स्वयंपाकघरवाली, म्हणजे उकडे तांदूळ नेता येतात. सुके बांगडे मात्र नाही हं, अख्खं गाव रिकामं होईल! काय म्हणालात? किती वेळा गेलेय मी?

एकदाही नाही.

असे बघू नका. आमच्याकडे जुलैत समुद्र बंद, पर्यटक बंद, सायकलींच्या दुकानाला ताडपत्री — आणि तिकडे तेव्हाच उन्हाळा. आमचा रिकामा काळ तोच त्यांचा सीझन. हे कोणाच्या डोक्यात आलं? माझ्या. जितूला सड्यावर, त्या वरच्या उघड्या पठारावर, कातळावरून सायकल उतरवायला कोणी शिकवलं? मी. तो पुढचा ब्रेक दाबायचा नि तोंडावर आपटायचा, त्याच्या गुडघ्यातले खडे मी काढलेत. तो समोरचा नकाशा मी लावलाय, त्यावरचं गाव मी शोधलं, खोलीवालीशी मोडक्या इंग्रजीत मी बोलले. दोघांनी जायचं, मी आणि जितू, ठरलेलं. व्हिसा माझाही आला होता हो! आणि निघायच्या आधी जितू म्हणाला, ताय, देवाक विचारून जावया.

मी म्हटलं, विचार ना. आमच्यात विचारतातच — घर बांधायचं, लग्न ठरवायचं, रवळनाथाला कौल लावतात. तुम्हाला ठाऊक नसेल. देवाच्या अंगावर उजवीकडे, डावीकडे भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपला प्रश्न देवाला सांगतो. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. मला इथे गिऱ्हाईक होतं, म्हणून जितू गेला. आला तो चप्पल न काढता दारातच उभा. "ताय, कौल झालो. देव नको म्हणता. तू जाव नको."

मी काय विचारायला हवं होतं सांगा? सांगा ना, तुम्ही शिकलेले. देवाचा शब्द म्हटल्यावर मान खाली. बॅग सोडली, सायकल परत भिंतीला लावली. माझ्या जागी सारिका गेली, त्याची बायको. तिचा व्हिसा कधी काढला, हे विचारायचंही मला सुचलं नाही बघा, इतकी मी शहाणी! सारिका सायकल चालवत नाही हो. उतार आला की उतरते नि ढकलते. मी शोधलेल्या खोलीच्या गॅलरीत बसून फोटो पाठवायची — गायींचे, गळ्यात घंटा बांधलेल्या. मी बघायचे आणि म्हणायचे, असू दे, देवाला काही दिसलं असेल पुढचं. पडून मेले असते कदाचित. आणि आई, माझी आई, मी जरा गप्प बसले की म्हणायची, "माज्यासाठी रवलंस काय गो? मी काय पाळण्यात आसंय? देवाच्याच मनात नव्हतां, बाये."

श्रावणात नारळ घेऊन गेले देवळात. मनातल्या मनात देवाशी भांडले होते, म्हटलं माफी मागून यावं. तर शंकर गुरव नारळ फोडता फोडता म्हणतो, "बरां केलंस गो रवलंस ता." मी म्हटलं, मी कुठे राहिले, देवच नको म्हणाला ना. तो थांबला. "नको खंय म्हणालो? उजवो कौल पडलो. चांगलो टपकन पडलो."

आता उजवा म्हणजे होय — मग? मग मी विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं. काका, गाऱ्हाणं काय घातलं होतं? त्याला काय लपवायचं, त्याने म्हणून दाखवलं — बा देवा रवळनाथा, ह्या घरची लेक यंदा परदेशाक न जाता आवशीवांगडा रवली तर घराचा बरां होतला काय? होतला आसात तर उजवो कौल दी म्हाराजा.

कळलं का? मी जाऊ का, असं विचारलंच नाही. मी आईजवळ राहू का, असं विचारलं. खोटं कोणीच बोललं नाही — देव राहायला होय म्हणाला, जितूने मला जायला नको म्हणून सांगितलं, दोन्ही खरं! फसवलं मला, आणि देवाला मध्ये घालून फसवलं. माझा राग देवावरही आहे, लिहून घ्या हवं तर. त्याने एकदा तरी विचारायचं होतं, की बाबांनो, जिच्याबद्दल विचारताय ती कुठे आहे?

जितूचं एक वेळ सोडा. त्याची बायको, तो — समजू शकते. पण गाऱ्हाण्याला मागून "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं घरच्या माणसाने. मी गुरवाला विचारलं, जितू म्हणाला ना व्हय म्हाराजा? तो म्हणाला, "जितू खांबाकडे उभो होतो, मान घालून. तुज्या आवशीन म्हटल्यान."

आईने. चालवत नाही तिला, पाणंदीपर्यंत जायला काठी लागते, आणि देवळात गेली. सारिकाचं नि तिचं पटत नाही, मी गेले असते तर तिला सारिकाजवळ एकटीने... पण मला सांगायचं ना! आई, तू जाऊ नको, एवढं म्हटलं असतं तरी राहिले असते मी. शप्पथ राहिले असते. तेवढंही नाही मागितलं माझ्याकडे. मी अजून बोलले नाही तिला. रोज सकाळी पेज वाढते, ती म्हणते देवाची इच्छा, मी म्हणते हो.

काय? पुढच्या वर्षी तुमच्या ग्रुपबरोबर? मी? अहो, कौल लावायचा तर मागे व्हय म्हाराजा म्हणायला कोणीतरी लागतं, मी कोणाला उभं करू —

आये! तू कित्याक उठलंस? काठी खंय आसा तुजी? ... काय नाय गो, सायकलीचाच चल्ललां. पावणे पुण्याचे. बस तू. ... तुम्ही निघा आता. जितूला फोन करायला सांगते. नाय, पाणी नको तेंका, आये, ते निघाले. निघा हो.